सायकल आणि सातत्य

महागडी सायकल घेऊन पहिल्याच रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत धाव घेणारे कित्येक तरुण महिन्याभरात थंडावतात. गुडघे दुखू लागतात आणि सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. उत्साह भरपूर असतो. उणीव असते ती क्रमाची.

दमसास लवकर वाढतो. सांधे आणि स्नायुबंध मात्र सावकाश बळकट होतात. म्हणून नवख्याने आठवड्यातून तीन-चार दिवस दहा-पंधरा किलोमीटरच जावे, तेही हलक्या गिअरवर आणि सहज बोलता येईल अशा वेगाने. रविवारची फेरी थोडीथोडी लांबवावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करून शरीराला उसंत द्यावी. लांबच्या फेरीत पाणी, केळी व चिक्की जवळ असावी.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. असे पराक्रम वर्षानुवर्षांच्या सरावातून घडतात.

बलशाली समाजाचे स्वप्न पाहणाऱ्यांनी आधी स्वतःचे शरीर घडवावे. शाखेतील नित्याच्या एका तासाचे मोल ज्यांना कळले आहे, त्यांना सातत्याचे महत्त्व निराळे सांगायला नको.