कमिशन त्यांचे, भुर्दंड कामगाराचा

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतला कामगार डॉक्टर सांगतील त्या लॅबमध्ये जातो. त्या चिठ्ठीमागे कमिशन असेल, तर त्याला कळणार कसे?

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्ण पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राने १२०० रुपयांचा चेक धाडला. त्यांनी तो परत करून वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत अशा कमिशनला मनाई आहेच. २०१७ मध्ये राज्याने या कमिशनखोरीविरोधी, म्हणजे ‘कट प्रॅक्टिस’विरोधी कायद्याचा मसुदाही करवून घेतला, पण तो पुढे रखडला. ही ढिलाई अक्षम्य आहे, कारण कमिशनपोटी रुग्णाला तपासण्यांसाठी दाखल केले गेले आणि ‘केवळ तपासण्यांसाठी दाखल केले’ म्हणत विमा कंपनीने दावा फेटाळला, तर बिल कामगाराच्याच माथी बसते.

त्याने नकाराचे कारण पॉलिसीच्या कलमासह लेखी मागावे. दाखल करणे का गरजेचे होते, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. कंपनीकडे तक्रार करावी; तिने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत विनाशुल्क जाता येते.