बासरीची परीक्षा आणि वहीतले आकडे

गेल्या चातुर्मासाच्या आरंभी आमच्या घरी एक नवी नोंदवही सुरू झाली. दहा वर्षांची नात येथे वैजापुरातच बासरी शिकते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात तिने अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ परीक्षा द्यावी असे ठरले आणि तयारीची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली. सारा जन्म बँकेत गेलेला. त्यामुळे वहीत रकाने आखले गेले : तारीख, अलंकार, आवर्तने, गत, एकूण मिनिटे. रात्री बेरीज जुळली की मला समाधान वाटे.

पंधरवड्याने नातीने विचारले, “आजोबा, परीक्षा झाली की बासरी बंद करायची ना?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

दोष परीक्षेचा मुळीच नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, ते संगीतविद्या सामान्य घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचावी म्हणूनच. १९३१ मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी मंडळ उभारले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या पायऱ्यांमुळे तालुक्याच्या गावातील मूलही महानगरातील मुलाच्याच अभ्यासक्रमाने शिकू शकते. मात्र शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात, आणि अनेक घरांत बासरीकडे त्याच दृष्टीने पाहिले जाते. मीही मनातल्या मनात तो हिशेब मांडला होता, हे येथे कबूल केलेले बरे.

गुरुजींना नातीचा प्रश्न सांगितला. ते हसले आणि म्हणाले, “वही मिटा आणि तिच्याजवळ बासरी घेऊन बसा.” त्यांचा सल्ला मानला आणि माझे डोळे उघडले.

बासरीला फुंकेचे एक छिद्र आणि बोटांची सहा. वरची तीन बंद ठेवली की षड्ज, दोन ठेवली की ऋषभ, एक ठेवले की गंधार. शुद्ध मध्यमासाठी मात्र ते पहिले छिद्र अर्धेच झाकावे लागते. अर्धे म्हणजे किती, हे डोळ्यांना दिसत नाही. कानांनीच ठरवावे लागते. पुढच्या पंचमासाठी सहाही छिद्रे एका क्षणी बंद व्हावी लागतात. एखादे बोट केसभर सरकले तरी स्वराऐवजी नुसती हवा बाहेर पडते.

गुरुजींनी भूप आणि दुर्गा या दोन रागांपासून आरंभ केला होता. भूपात मध्यम व निषाद वर्ज्य. त्यामुळे ‘सारेग, रेगप, गपध’ हा अलंकार तिला सहज येई. दुर्गात गंधार व निषाद वर्ज्य. तेथे ‘सारेम, रेमप, मपध’ म्हणताना मध्यम चुकवून चालत नाही. माझ्या वहीत दुर्गाच्या अलंकाराची रोज वीस आवर्तने जमा होती. प्रत्यक्षात वीसही वेळा मध्यम कधी चढा, कधी उतरा लागत होता. संख्या बरोबर होती. स्वर चुकत होता. मुलीला ते ऐकू येत होते, म्हणूनच ती कंटाळली होती. मला ते ऐकू येत नव्हते, कारण मी मोजत होतो.

सामायिकाचा काळ दोन घटकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. आपण घड्याळ लावून बसतो. पण ४८ मिनिटे भरली म्हणजे समभाव साधला असे कोणी मानत नाही. हे सूत्र मला आसनावर ठाऊक होते; बासरीजवळ मात्र विसरलो होतो. वास्तविक आपल्या परंपरेला स्वरविचार परका नाही. अनुयोगद्वारसूत्रात सप्तस्वरांचे विवेचन आहे आणि ‘संगीतसमयसार’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ पार्श्वदेव या जैन ग्रंथकारांचाच आहे.

मग आम्ही सरावही ४८ मिनिटांचाच ठेवला. पहिली दहा मिनिटे मोबाइलवरील तानपुऱ्याबरोबर केवळ दीर्घ षड्ज, मोजणी नाही. पुढील वीस मिनिटे एकच अलंकार, तोही विलंबित लयीत. जेथे अडते ते ‘रे-म-प’ एवढेच वेगळे काढून. नंतर तेरा मिनिटे गत आणि हातावर त्रिताल : सोळा मात्रा, पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. शेवटची पाच मिनिटे तिच्या आवडीची धून. त्या पाच मिनिटांत मी काही बोलायचे नाही, ही तिची अट.

परीक्षेच्या दिवशी दुर्गाच्या अलंकारात मध्यम घसरलाच. बाहेर बसलेल्या मला तो स्पष्ट ऐकू आला आणि छातीत धस्स झाले. ती थांबली. क्षणभर शांतता. मग तिने श्वास घेतला आणि तोच अलंकार पुन्हा आरंभापासून वाजवला. निकालात ती उत्तीर्ण झाली. पण माझ्या लक्षात राहिला तो थांबून घेतलेला श्वास.

यंदाचा चातुर्मास आला आहे आणि प्रवेशिकेची तयारी सुरू आहे. वही अजून आहे; मात्र ती आता नातीच्या स्वाधीन आहे. तिने रकाने खोडून टाकले. कालच्या पानावर एकच ओळ होती : “आज मध्यम दोनदा बरोबर लागला.” वीस आवर्तनांच्या माझ्या नोंदीपेक्षा ही नोंद अधिक खरी आहे.

ज्यांच्या घरी मुले अशा परीक्षांची तयारी करीत आहेत, त्या पालकांना आणि आजी-आजोबांना एवढीच विनंती : किती वेळा वाजवले हे विचारण्यापूर्वी दहा मिनिटे जवळ बसून ऐकावे. मोजण्याचे काम परीक्षकांवर सोपवावे.

जय जिनेंद्र.