रात्रीची मॅच आणि भिवंडीची मुलगी

खेळाची पत्रकारिता हे बाईचे काम नाही, असे आपल्याकडे अजूनही सहज बोलले जाते. शारदा उग्रा यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या ‘मिड-डे’तून सुरुवात केली. पुढे ‘द हिंदू’, ‘इंडिया टुडे’, ‘ईएसपीएन क्रिकइन्फो’. क्रिकेटच्या कारभारावरही त्यांनी रोखठोक लिहिले. पुण्याच्या स्नेहल प्रधान भारताकडून खेळल्या आणि मग क्रिकेटवर लिहू लागल्या. बाईला खेळ कळतो का, हा वाद खरे तर केव्हाच संपला आहे.

उरलेला प्रश्न आपला आहे. भिवंडीची मुलगी या कामात का दिसत नाही?

मी इथे शाळेत शिकवते. वर्गात अशा मुली आहेत ज्यांना कालच्या सामन्यातली प्रत्येक विकेट आठवते. पण पुढे काय, असे विचारले की उत्तर ठरलेले: डीएड, बीएड. घरचे आधी मजहबचे नाव घेतात. जरा खोदून विचारले की खरे कारण निघते, रात्र. वानखेडेवर साडेसातला सुरू झालेली मॅच अकरानंतर संपते. मग पत्रकार परिषद, मग बातमी. त्यानंतर लोकलने ठाणे किंवा कल्याण आणि पुढे रिक्षा. अम्मी-अब्बांची भीती खोटी नाही. तिची थट्टा करून एकही मुलगी घराबाहेर पडणार नाही.

पण या भीतीवर कायद्यात उत्तर आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि घराच्या दारापर्यंत वाहन हवे. भावाने स्टेशनवर येऊन थांबणे ही त्याची माया झाली; गाडी हा तिचा हक्क आहे. बातमीमागे पैसे मिळणाऱ्या वार्ताहर मुलीपर्यंत मात्र हा हक्क सहसा पोहोचत नाही, आणि सुरुवात तर बहुतेकांची तिथूनच होते. म्हणून संपादकांकडे मागणी हीच हवी: पगारी असो वा नसो, रात्रीच्या सामन्याला पाठवाल तर घरी सोडा.

तोवर आपल्या हातात दिवस आहे. शाळांच्या कबड्डी-खोखोच्या स्पर्धा भरदुपारी होतात आणि त्यांची बातमी क्वचितच कुठे येते. भिवंडीचे नाव छापले जाते ते इमारत कोसळली किंवा गोदाम जळाले की. मुलीच्या हातात वही द्या आणि मैदानावर पाठवा. पहिली बातमी तिथे आहे.