जुगाराचे खाते फुटले. भुर्दंड कोणाच्या माथी?

मोर्शी, (प्रतिनिधी) : नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार जुलै २०२३ मध्ये पोलिसांत दाखल झाली आणि तपासाचे धागे गोंदियापर्यंत पोहोचले. मोबाइलवरील जुगार विदर्भात किती खोलवर रुजला आहे, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. मात्र खेळणाऱ्याच्या खात्यात तिसऱ्याच कोणी शिरून पैसे लांबवले, तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. त्याचे उत्तर पैसा नेमका कुठे होता, यावर अवलंबून आहे.

पैसा बँकेतून गेला असेल तर ग्राहकाची बाजू बळकट आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने यासाठी चौकट घालून दिली. चूक बँकेची वा ग्राहकाची नसून अन्यत्र असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. याच आधारे मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये एका कंपनीला सुमारे ७७ लाख रुपये परत करण्याचा आदेश बँक ऑफ बडोदाला दिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्टेट बँकेला अशाच प्रकरणात जबाबदार धरले. तेथे ग्राहकाने २४ तासांच्या आत तक्रार केली होती.

ग्राहकानेच ओटीपी वा पासवर्ड दिला असेल तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याचे, त्यानंतरचे बँकेचे. दोष विभागलाही जातो. पुण्यातील एका कंपनीच्या खात्यातून सुमारे ८० लाख रुपये गेले, तेव्हा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये देण्यास सांगितले. फसव्या ई-मेलला उत्तर दिल्याने उरलेला भार तक्रारदारावर पडला.

खेळाच्या खात्यातील शिलकीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये ड्राफ्टकिंग्ज कंपनीच्या ग्राहकांची खाती अन्य संकेतस्थळांवरून फुटलेल्या पासवर्डच्या साहाय्याने उघडली गेली. तीन लाख डॉलरपेक्षा कमी रकमेला फटका बसला आणि कंपनीने ती भरून देण्याचे जाहीर केले. तेथे हा व्यवसाय परवान्यावर चालतो. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० पैजेचा करारच निरर्थक ठरवते. त्यात पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मोठ्या देशी कंपन्यांनी असे खेळ थांबवले. उरली ती परदेशातून चालणारी ॲप. त्यांचे येथे ना कार्यालय, ना परवाना. अशा ठिकाणची शिल्लक गेली तर दाद मागायची कोणाकडे?

असे असले तरी गप्प बसणे हा उपाय नव्हे. या केंद्रीय कायद्यात शिक्षा आहे ती खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यांना, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे १९३० या क्रमांकावर आणि बँकेकडे तत्काळ कळवून लेखी पोच घेण्यास हरकत नाही. नुकसानभरपाईसाठी सचिवांकडे पाच कोटींपर्यंतचा दावाही करता येतो. अडचण कायद्यापेक्षा लोकलज्जेची आहे. मोर्शीसारख्या गावात बँकेतला कारकून ओळखीचा आणि ठाण्यातला हवालदारही. चार लोकांत नाव निघेल या भीतीने तीन दिवस सरतात आणि जो भार बँकेचा होता, तो घराच्या माथी येतो.