फटफटीचा फराळ

दसऱ्याला फटफटीला झेंडूचा हार घालायचा आणि दिवाळीत तिला ‘भारीतले’ पेट्रोल पाजायचे, असा आमच्या चिरंजीवांचा दोन वर्षांचा परिपाठ आहे. माणसांना चकल्या-अनारसे आणि गाडीला मात्र रोजचेच, हे त्यांना पाहवत नाही. पुढे हा फराळ दिवाळीपुरता राहिला नाही, बारमाही झाला. यंदा घरखर्चाच्या वहीत सौभाग्यवतींनी ‘पेट्रोल’ या शब्दाखाली लाल रेघ ओढली, तेव्हा प्रकरण माझ्यापुढे आले.

“बाबा, त्याने इंजिनाला ताकद येते,” चिरंजीव म्हणाले.

“मग थोडे तुझ्या पगारालाही पाजून बघ,” सौ. म्हणाल्या.

निवाडा करायचा तर आधी माहिती हवी. ती मी मिळवली, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशीच फटफटी व असेच चिरंजीव असतील त्यांच्यासाठी इथे देतो.

इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो, वेळेवर ठिणगी पडते आणि जाळ शिस्तीने पसरत जातो. पण दाब नि उष्णता फार वाढली, तर तो जाळ पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपण होऊन भडकते आणि इंजिन खडखडू लागते. असे अवेळी न भडकण्याचा पेट्रोलचा जो धीर, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन अंक. आयसोऑक्टेन नावाच्या धीराच्या द्रव्याला १०० गुण आणि लगेच भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य, असे हे माप गेल्या शतकात विसाव्या दशकाच्या सुमारास अमेरिकेत ठरले. तेव्हा पंपावरचा मोठा आकडा धीर सांगतो, ताकद नव्हे.

आता हा धीर लागतो कुणाला? ज्या इंजिनात मिश्रण फार दाबले जाते त्याला. शंभर सीसीच्या घरगुती गाडीत ते साधारण १० पटींनी दाबले जाते; वेगाच्या शौकिनांसाठी केलेल्या काही गाड्यांत १२-१३ पटींनी. अशा गाडीच्या पुस्तिकेत ९५ ऑक्टेन लिहिले असेल, तर तेच घालावे. तिथे काटकसर नको. पण पुस्तिकेत ९१ पुरते म्हटले असेल, तर वरचा धीर वायाच जातो.

शिवाय २०२० साली भारत स्टेज ६ आले तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान अंक ९१ होता. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला मानकाप्रमाणे किमान ९५ लागतो. म्हणजे ‘९५’ची पाटी पाहून भुलण्याचे दिवस गेलेच. महाग पेट्रोलात इंजिनातली काजळी साफ ठेवणारी द्रव्ये जास्त असतात, हा गुण खरा. पण त्याने गाडी वाघ होत नाही. आणि महाग म्हणजे इथेनॉलविरहित, असेही गृहीत धरू नये.

आता हिशेब. फरक लिटरला ७ रुपये धरा आणि महिन्याला १५ लिटर. महिन्याचे १०५, वर्षाचे १,२६० रुपये.

हा आकडा ऐकूनही चिरंजीव हटेनात. म्हणून आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेलो. त्याने पेट्रोलची टाकी उघडलीसुद्धा नाही. मागचे चाक उचलून फिरवले, ब्रेक दाबला आणि म्हणाला, “काका, हिला खाऊपिऊ उत्तम घालताय. पण लायनर कधीचे संपलेत. थांबत कशी होती ही?”

चिरंजीव जमिनीकडे बघू लागले. श्रावणात गाडी सिग्नलपाशी एका रिक्षावर जाऊन टेकली होती, ती ओल्या रस्त्यामुळे, असे त्यांनी घरी सांगितले होते. मागच्या सीटवर त्या दिवशी त्यांची आई होती.

दोन्ही चाकांचे लायनर बदलले, चेन आवळली, टायरांत पुस्तिकेप्रमाणे हवा भरली, ऑइल बदलले. एवढे होऊनही वर्षाच्या १,२६० रुपयांतले काही उरले. घरी येऊन मी सगळे सांगितले. सौभाग्यवती ओरडतील असे वाटले होते. त्या काही बोलल्या नाहीत. वही काढून त्यांनी ‘पेट्रोल’खालच्या लाल रेघेच्या खाली एक नवे खाते उघडले: ‘ब्रेक, दर तीन महिन्यांनी तपासणे.’

चिरंजीव आता साधेच पेट्रोल भरतात. परवा वसुबारसेला मात्र हळूच विचारत होते, “आई, दिवाळीपुरते एक लिटर?”

“घाल,” ती म्हणाली, “पण आधी ब्रेक दाबून दाखव.”