एकट्या नवऱ्याला गोळ्या देऊन घर बरं होत नाही

शिरूर-दौंडच्या आयाबहिणींनो, भावांनो, आणि मुद्दाम दोन्ही तालुक्यांतल्या डॉक्टरांनो,

गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी किती जणांना एचआयव्ही असतो, हे आपल्याच जिल्ह्यात मोजून झालं आहे. 1993-94 मध्ये भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी पुण्यातल्या अशा दवाखान्यांत 2,800 जणांचं रक्त तपासलं. 655 जणांना लागण निघाली. चारांतला जवळजवळ एक!

हा आकडा ऐकला की लोक बुधवार पेठेकडे बोट दाखवतात. त्यांनी पुढचं ऐकावं. 1997 साली त्याच दवाखान्यांतल्या 525 बायकांची माहिती प्रसिद्ध झाली. या धंदा करणाऱ्या नव्हत्या. बहुतेकींचा नवऱ्याशिवाय कुणाशी संबंध आलेला नव्हता. तरी त्यांतल्या 13.6 टक्के बायकांना एचआयव्ही होता. लागण घरातच झाली, लग्नाच्या नवऱ्याकडून. आणि गावानं नावं ठेवली ती तिलाच.

तेव्हापासून पुण्यातच नव्या लागणीचं प्रमाण उतरलं. निरोध, तपासणी, औषधं यांनी ते उतरवलं. बायकांना दोष देऊन नव्हे. पण आजार उतरला म्हणजे गेला नाही. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभच्या कारखान्यांत परगावचे तरुण एकटे राहतात. दौंड जंक्शनवर आणि नगर व सोलापूर रस्त्यांवर माणसांची ये-जा थांबत नाही. उसाच्या हंगामात टोळ्या येतात, कोप्यांत राहतात, हंगाम संपला की जातात. आम्ही यांतल्या कुणाला दोष देत नाही. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहणाऱ्या माणसापर्यंत दवाखाना पोचत नाही, हा आमचा मुद्दा आहे.

आज होतं काय? लघवीच्या जागी फोड आला, परमा झाला की गडी मेडिकलमधून गोळ्या घेतो, नाहीतर भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'ला गाठतो. एक सुई, चार कॅप्सूल. फोड सुकतो. रक्त कुणी तपासत नाही. बायको अंगावरून पांढरं जातं म्हणून वर्षानुवर्षं सोसते, कारण तिला कुणी काही सांगितलेलंच नसतं. डॉक्टर, हे आम्हाला मान्य नाही! फोडाची जखम म्हणजे विषाणूला उघडं दार. आणि एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस, तो पेशीच्या डीएनएत स्वतःला लिहून ठेवतो. म्हणून कुठलीही सुई त्याला कायमचा काढत नाही. पण एआरटीच्या गोळ्या रोज घेतल्या तर तो रक्तात सापडणार नाही इतका दबतो, आणि असा दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही. हे औषध सरकार 2004 पासून फुकट देतं. मग ज्याची तपासणीच केली नाही, त्याच्यापर्यंत ते पोचणार कसं?

म्हणून गुप्तरोगाचा पेशंट आला की, खाजगी दवाखाना असो की सरकारी, एचआयव्ही आणि गरमी या दोन्ही तपासण्या त्याला समजावून, त्याच्या संमतीनं व्हाव्यात. जोडीदारालाही बोलावून उपचार द्यावेत. जबरदस्ती नको, आणि गावात वाच्यता तर मुळीच नको. एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. लागण आहे म्हणून कामावरून काढणं, शाळेत न घेणं, उपचार नाकारणं हा भेदभाव आहे, आणि कायद्यानं त्याला बंदी आहे.

शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांकडे आमची मागणी आहे: पाळी सुटलेल्या कामगाराला खाडा न करता येता येईल अशा वेळी तपासणी ठेवा, बाईला बाई समुपदेशक द्या, आणि हंगामात तपासणीची गाडी कोप्यांपर्यंत न्या. तोवर ज्यांना कुणाला विचारायची चोरी वाटते त्यांनी 1097 या एड्स हेल्पलाइनवर फोन करावा. पैसे पडत नाहीत.