लाटेचा मक्ता आणि गावाची वहिवाट

फिजी हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडते ते बहुधा गिरमिटाच्या करुण कथेमुळे. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर हिंदी मजूर तेथे नेले गेले. त्यांच्या वंशजांपैकी बहुतेक शेतकऱ्यांना खंडकरीच राहावे लागले, कारण त्या देशातील बहुतांश जमीन मूळ फिजीवासीयांच्या कुळांकडे सामुदायिक मालकीने आहे. जमिनीच्या या वादावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु याच देशात २०१० साली मालकीचा एक निराळाच प्रश्न राजाज्ञेने निकालात काढण्यात आला. तो प्रश्न होता समुद्राच्या लाटेच्या मालकीचा.

विती लेवू या मुख्य बेटाच्या पश्चिमेस मामानुथा द्वीपसमूह आहे. त्यातले तावारुआ हे बेट जेमतेम २९ एकरांचे. पण त्याच्याजवळच्या प्रवाळभित्तीवर फुटणारी ‘क्लाउडब्रेक’ नावाची लाट सर्फिंग करणाऱ्यांच्या जगात कमालीची प्रतिष्ठित आहे. साधारण मे ते सप्टेंबर या काळात न्यूझीलंडच्या दक्षिणेकडील समुद्रात वादळे उठतात. तेथून निघालेला लाटांचा लोंढा खोल पाण्यातून एकाएकी उथळ प्रवाळावर येऊन आदळतो. वाळूच्या किनाऱ्यावर लाट कोठेही, कशीही फुटते. येथे मात्र ती भित्तीच्या कडेने क्रमाक्रमाने उलगडत जाते, आणि फळीवर उभा राहिलेला माणूस तिच्या पोटातून सरकत जाऊ शकतो. एवढ्यासाठी लोक अमेरिका-ऑस्ट्रेलियाहून विमानाने येतात.

हा श्रीमंतांचा षोक म्हणून सोडून द्यावा असे कोणास वाटेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही वस्तू मोठी विलक्षण आहे. लाट कोणी निर्माण करीत नाही, साठवीत नाही. तिला कुंपण घालता येत नाही. तरीही ती हवेसारखी सर्वांस पुरणारी नव्हे. एका लाटेवर एकच स्वार, हा या खेळातील जगन्मान्य रिवाज. चांगल्या लाटा दिवसाकाठी मोजक्याच येतात आणि पाण्यात पन्नास माणसे वाट पाहत असली तर प्रत्येकाच्या वाट्यास फारच थोडे येते. दुर्मीळ आणि जागेला जखडलेल्या साधनापासून मिळणारे उत्पन्न म्हणजे खंड, हे रिकार्डोने जमिनीविषयी सांगितले. लाटेलाही खंड आहे. तो कोणाच्या खिशात जावा, एवढाच वाद आहे.

फिजीतील प्रत्येक किनारी गावाची मासेमारीची परंपरागत हद्द ठरलेली असते. तिला ‘गोलीगोली’ म्हणतात. आपल्याकडील गायरानाचे समुद्रातील भावंड म्हटले तरी चालेल. अशा चारशेहून अधिक हद्दींची सरकारदरबारी नोंद आहे. मात्र १८७४ मध्ये बेटे ब्रिटिश राजसत्तेकडे सोपविली गेली तेव्हापासून समुद्रतळाची मालकी सरकारची मानली गेली. गावाकडे उरली ती वहिवाट. १९८० नंतरच्या दशकात दोघा अमेरिकनांनी तावारुआवर विश्रामधाम उभारले, ते बेटाचा भाडेपट्टा घेऊन आणि या वहिवाटदारांशी करार करून. जवळच्या लाटांवर केवळ त्यांच्या पाहुण्यांनीच जावे असे ठरले. गावाला पैसा मिळाला, काहींना रोजगार मिळाला. लाटेवर गर्दी झाली नाही. पण ज्या फिजीच्या तरुणास सर्फिंग शिकावयाचे होते, त्याला आपल्याच देशाच्या समुद्रातील सर्वोत्तम लाट दुरून पाहावी लागे. परदेशी पाहुणा आत आणि भूमिपुत्र बाहेर, हे चित्र कोणत्याही स्वाभिमानी राष्ट्रास खुपणारेच होते.

जुलै २०१० मध्ये फ्रँक बैनीमारामा यांच्या सरकारने हुकूमनामा काढून असे सारे अनन्य अधिकार रद्द केले आणि लाटा सर्वांस खुल्या केल्या. हे सरकार २००६ च्या लष्करी उठावातून आलेले. वहिवाटीच्या हद्दींची मालकीच गावांना देऊ पाहणारे विधेयक हे त्या उठावाच्या कारणांपैकी एक होते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. २००९ मध्ये राज्यघटना रद्द झालेली, संसद नाही. तेव्हा चर्चेचा प्रश्नच नव्हता. भरपाईची तरतूदही नव्हती.

मक्तेदारी मोडली हे योग्यच झाले. स्थानिक तरुण लाटेवर जाऊ लागले, मुख्य बेटावरील लहान हॉटेलांना आणि नावाड्यांना गिऱ्हाईक मिळाले, २०१२ पासून तेथे जागतिक स्पर्धाही पुन्हा भरू लागल्या. परंतु मक्तेदार आणि मालक यांतील भेद हुकूमनाम्याने पुसून टाकला. विश्रामधामाकडे बेटाचा पट्टा राहिला, बोटी राहिल्या, लाटेशी असलेली जवळीक राहिली. गावाकडे बेटाच्या भाड्याखेरीज सौद्यास ठेवण्याजोगे जे काही होते, ते मात्र गेले. लाट ‘सर्वांची’ झाली. आता या ‘सर्वां’मध्ये मोडतो कोण? ज्याच्याजवळ विमानाचे तिकीट आणि बोटीचे भाडे आहे तो. ज्या कोळी कुटुंबाच्या मासेमारीच्या जागेवर या बोटी दिवसभर घिरट्या घालतात, त्याच्या पदरी नुसती वर्दळ पडते.

सामाईक साधन मोकळे सोडले की त्याचा नाश होतो, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले. उपाय दोनच, खासगी मालकी किंवा सरकारी अंमल. फिजीने प्रथम एक आणि नंतर दुसरा करून पाहिला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चे नोबेल मिळाले ते तिसरी वाट दाखविल्याबद्दल: स्विस कुरणे, जपानी गावांची राने, स्पेनमधील कालवे यांच्या अभ्यासातून त्यांनी दाखविले की गावकरी स्वतः नियम करून पिढ्यान्‌पिढ्या सामाईक साधन राखतात. फिजीच्या गावांना हे कोणी शिकवावयास नको. मोठा सरदार वारला की समुद्राचा एखादा भाग शंभर रात्री मासेमारीस बंद ठेवण्याची चाल त्यांच्यात जुनीच आहे. फिजीत हुकूमनामा निघाला तो ऑस्ट्रॉम यांच्या सन्मानानंतर वर्षही उलटण्यापूर्वी!

प्रतिबोट शुल्क गावाच्या निधीत भरावे, पाण्यात एका वेळी किती जण उतरतील हे गावकरी व नावाडी यांच्या समितीने ठरवावे, स्थानिक मुलांना शुल्क नसावे, अशी व्यवस्था अशक्य नाही. ‘समुद्र सर्वांचा, मग पैसे कसले?’ असा आक्षेप घेणाऱ्यांनी त्याच देशातील पाणबुड्यांकडे पाहावे. बेंगाच्या खाडीत शार्क पाहण्यास येणारे पाणबुडे जे शुल्क देतात, ते तेथील मासेमारीचा हक्क सोडलेल्या गावांना मिळते. नामेना येथील राखीव क्षेत्रात बुडी मारणाऱ्यास बिल्ला विकत घ्यावा लागतो, आणि त्या पैशातून कुम्बुलाउ भागातील मुलांना शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या आहेत.